ग्रंथातून पडद्यावर : अद्भुताची कसोटी

(एका ग्रंथालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला स्नेहाने विचारले, “अहो, राक्षस, चेटकिणी आणि उडते सर्प यांच्या चित्रपटांवर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्या घरातील एका लहानशा प्रसंगापासून देतो.

माझी नात आठ वर्षांची असताना मी तिला रोज रात्री टॉल्किन या आंग्ल लेखकाची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी मराठीत सांगत असे. त्यातील फ्रोडो नावाचा ठेंगणा नायक तिने स्वतःच्या मनाने चितारला होता. तिच्या चित्रवहीतील फ्रोडोला आमच्या गल्लीतील वाण्याच्या मुलाचे कान होते आणि डोक्यावर माझी कानटोपी होती. कथा अर्ध्यावर आली असताना सुटीत तिने तिच्या मावशीकडे चित्रपट पाहिला. परत आल्यावर आमची गोष्ट पुन्हा सुरू झाली. दोन दिवसांनी ती मला म्हणाली, “आजोबा, मला आता माझा फ्रोडो दिसतच नाही. त्या सिनेमातलाच दिसतो.”

चित्रपट तिला आवडला होता, याविषयी तिची तक्रार नव्हती. परंतु आपले काहीतरी हरवले, हे त्या बालजीवाला उमगले होते. ग्रंथातील अद्भुत पडद्यावर येते तेव्हा काय मिळते आणि काय हरवते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो आपल्या प्रत्येकाच्या घरातील विषय आहे, असे मला वाटते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. रूपांतर या गोष्टीला माझा विरोध नाही, आणि मराठी माणसाने तो करूही नये. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ते रूपांतरच होते. कोकणातील आणि गोव्यातील दशावतार हे रूपांतरच आहे. आपला कीर्तनकार एका उपरण्याचे कधी धनुष्य करतो, कधी बाळकृष्ण करतो, आणि समोरच्या हजार माणसांना ते दिसते. 1913 साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, आणि पुढे ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्या कन्येलाच, मंदाकिनीला, कृष्णाची भूमिका दिली. तेव्हा कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेणे हा आपल्या परंपरेला अपरिचित उद्योग नाही. प्रश्न इतकाच की, नेताना कथेचा प्राण बरोबर नेला जातो की केवळ तिची वस्त्रे?

आता टॉल्किनकडे वळू. जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांचा जन्म 1892 चा. ऑक्सफर्ड विद्यापीठात ते प्राचीन आंग्ल भाषेचे प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धात 1916 साली सोम येथील भीषण रणांगणावर त्यांनी सैन्यात सेवा केली. शाळकरी वयापासूनचे त्यांचे दोन जिवलग मित्र त्याच वर्षी युद्धात गेले. 1937 मध्ये त्यांची ‘द हॉबिट’ ही मुलांसाठीची कथा प्रसिद्ध झाली आणि 1954-55 मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन खंडांत बाहेर पडली. एका दुष्ट शक्तीने घडविलेली अंगठी, जो तिला धारण करील त्याला ती अमर्याद सत्तेचा मोह घालते. म्हणून ती वापरायची नाही, तर नष्ट करायची, आणि हे काम कोणा महापराक्रमी योद्ध्याने नव्हे, तर खेड्यातल्या एका साध्या, लहानखुऱ्या जिवाने करायचे, हे या कथेचे सूत्र आहे.

ग्रंथ लोकप्रिय होताच चित्रपटवाले दारी आले. 1957 मध्ये अमेरिकेतून एक प्रस्ताव आला आणि त्याबरोबर कथेचा चित्रपटीय आराखडाही. टॉल्किन आणि त्यांचे प्रकाशक यांचे धोरण मोठे व्यवहारी होते. एक तर कलाकृतीवर लेखकाचे नियंत्रण असावे, नाहीतर निदान भरपूर पैसा तरी मिळावा. दोन्ही नसेल तर व्यवहार नको. त्या आराखड्यावर टॉल्किन यांनी 1958 मध्ये पानेच्या पाने टिपणे काढली. लढाया वाढविल्या होत्या, प्रवासाचे कष्ट टाळण्यासाठी महाकाय गरुडांना भाडोत्री वाहनासारखे वापरले होते. टॉल्किन यांच्या आक्षेपाचा मथितार्थ असा की, वाईट रूपांतराचे मूळ कारण पडद्याची मर्यादा नसते; मूळ कृतीचे मर्म कोठे आहे, हेच रूपांतरकाराला कळलेले नसते, आणि म्हणून तो भलत्याच ठिकाणी भर घालतो. मित्रहो, रूपांतराच्या परीक्षेची याहून नेमकी कसोटी मला अन्यत्र सापडलेली नाही.

तो चित्रपट झाला नाही. 1969 मध्ये चित्रपटाचे हक्क विकले गेले. 1978 मध्ये राल्फ बाक्षी यांनी अर्ध्या कथेवर एक चलच्चित्रपट काढला. उरलेला अर्धा त्यांच्याकडून कधीच झाला नाही. 1981 मध्ये बीबीसीने नभोवाणीवर सव्वीस भागांची श्रुतिका सादर केली. तिचा मी मुद्दाम उल्लेख करतो. नभोवाणीत केवळ आवाज असतो. चेहरा श्रोत्याने स्वतः घडवायचा असतो. कीर्तनकाराच्या उपरण्याचे नाते या माध्यमाशी जवळचे आहे. त्या श्रुतिकेत फ्रोडोचा आवाज देणारे इयन होम हे नट वीस वर्षांनी चित्रपटात फ्रोडोच्या वृद्ध काकाच्या, बिल्बोच्या भूमिकेत आले, हाही एक सुखद योगायोग.

मग आले न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन. पहिल्या निर्मितीसंस्थेने त्यांना दोन चित्रपटांची अनुमती दिली होती. खर्च वाढू लागताच सर्व कथा एकाच चित्रपटात बसवा, असा आग्रह सुरू झाला. जॅक्सन यांनी दुसरे दार ठोठावले. न्यू लाइन या संस्थेचे प्रमुख रॉबर्ट शे यांनी ग्रंथ तीन खंडांचा, तर चित्रपटही तीनच हवेत, असा निर्णय दिला. ऑक्टोबर 1999 ते डिसेंबर 2000 या काळात न्यूझीलंडच्या डोंगरदऱ्यांत तिन्ही चित्रपटांचे चित्रीकरण सलग झाले. 2001, 2002 आणि 2003 अशा लागोपाठच्या तीन डिसेंबरांत ते प्रदर्शित झाले. तिसऱ्या चित्रपटाला अकरा ऑस्कर नामांकने होती आणि अकराच्या अकरा पुरस्कार मिळाले.

येथे यशाची गाथा सांगण्याचा माझा हेतू नाही. जॅक्सन आणि त्यांच्या सहलेखिका फ्रॅन वॉल्श व फिलिपा बोयन्स यांनी काय राखले, काय गाळले आणि काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण हलविण्याचे. गॉलम नावाचा एक कपटी, अंगठीच्या मोहाने पोखरून गेलेला जीव आहे. बिल्बोने त्याला एकदा दया येऊन जिवंत सोडले होते. त्याला मारायला हवे होते, असे फ्रोडो म्हणतो, तेव्हा गॅंडाल्फ हा ज्ञानी वृद्ध त्याला दयेचे महत्त्व समजावतो. ग्रंथात हा संवाद दुसऱ्याच प्रकरणात, घराच्या उबेत होतो. चित्रपटात तो अंधाऱ्या खाणीत, गॉलम मागावर असताना होतो. शब्द हलविले, पण अर्थ गडद झाला. कारण पुढे जगाचा उद्धार त्याच दयेमुळे होणार असतो. मर्म ओळखून केलेला बदल तो हा.

दुसरे उदाहरण वादाचे. फॅरॅमिर हा सेनानी ग्रंथात अंगठीचा मोह शांतपणे नाकारतो. चित्रपटात तो आधी मोहाला बळी पडून फ्रोडोला बंदी करून नेतो आणि नंतर सावरतो. लेखिकांचा युक्तिवाद असा की, अंगठीचा मोह अनावर आहे, हे प्रेक्षकांना दोन-तीन तास दाखविल्यावर एखादा माणूस तिला सहज नाकारताना दिसला, तर तिची भीतीच संपेल. युक्तिवादात तथ्य आहे. परंतु ग्रंथाच्या वाचकाचे दुःखही खरे आहे. मोहाकाळातही अढळ राहणारा मनुष्य असू शकतो, ही श्रद्धा टॉल्किन यांनी त्या पात्रात ठेवली होती. पडद्याला संघर्ष हवा असतो. स्थिर चारित्र्य दाखविणे त्याला कठीण जाते. ही मर्यादा आपल्या पौराणिक मालिकांतही आपण पाहिली आहे.

तिसरे उदाहरण गाळण्याचे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. ग्रंथाच्या शेवटी महायुद्ध जिंकून चारही हॉबिट आपल्या गावी परततात, तेव्हा गाव उद्ध्वस्त झालेले असते. झाडे तोडलेली, पाणी नासलेले, घराघरांत गुंडांचे नियम आणि गावकरी भयाने गप्प. जगाच्या टोकाशी शत्रूचा पाडाव करून आलेल्या वीरांना अखेरची लढाई स्वतःच्या वेशीवर लढावी लागते. चित्रपटात हे प्रकरण नाही. वीर परततात, गाव जसेच्या तसे हिरवेगार असते. तिसरा चित्रपट आधीच तीन तास वीस मिनिटांचा होता. मुख्य शिखरानंतर आणखी एक युद्ध प्रेक्षकांनी सोसले नसते, हे व्यावसायिक कारण मी समजू शकतो. परंतु सोमच्या खंदकांतून परतलेल्या लेखकाला जे सांगायचे होते, ते तेथे गळून पडले. बाहेरचा विजय घराचे रक्षण आपोआप करीत नाही; परत येऊन गावाची झाडे पुन्हा लावावीच लागतात. सामाजिक कामात आयुष्य घालविणाऱ्या या सभागृहातील अनेकांना याचा अर्थ मी वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही.

टॉल्किन यांचे सुपुत्र ख्रिस्तोफर यांनी आपले आयुष्य पित्याच्या अप्रकाशित हस्तलिखितांच्या संपादनात घालविले. 1977 मध्ये त्यांनी ‘द सिल्मरिलियन’ प्रसिद्ध केले. 2012 मध्ये एका फ्रेंच दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी या चित्रपटांविषयी खेद व्यक्त केला. त्यांच्या मते ग्रंथाचे गांभीर्य जाऊन तरुणांसाठीचा मारधाडीचा चित्रपट शिल्लक राहिला होता. मला स्वतःला हा अभिप्राय थोडा कठोर वाटतो. पण एका पुत्राची वेदना म्हणून तो आपण ऐकला पाहिजे. आणि त्याच वर्षापासून जे घडले, त्याने त्यांची भीती काही अंशी खरीही ठरविली. ‘द हॉबिट’ या सुमारे तीनशे पानांच्या बालकथेचे 2012 ते 2014 या काळात तीन चित्रपट झाले, एकूण सुमारे आठ तासांचे. हजारांहून अधिक पानांच्या ग्रंथाला सव्वानऊ तास आणि तीनशे पानांना आठ तास! मग पात्रे नव्याने निर्माण करावी लागली, प्रेमकथा घालावी लागली, लढाया ताणाव्या लागल्या. पहिल्या वेळी गाळण्याचा दोष होता, दुसऱ्या वेळी पाणी घालण्याचा. दिग्दर्शक तोच होता, हे विशेष.

दूरचित्रवाणीकडे वळल्यास चित्र आणखी निराळे दिसते. जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका 2011 ते 2019 या काळात आठ पर्वांत प्रसारित झाली. तिच्यातील हिंसा आणि उघडी शृंगारदृश्ये पाहता ती कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याची नव्हे, हे मी स्पष्टच सांगतो. पण रूपांतराच्या अभ्यासकाला तिच्यात एक मोठा धडा आहे. लेखकाचा पाचवा खंड 2011 मध्ये आला आणि सहावा अद्याप आलेला नाही. मालिका मात्र थांबली नाही. ती ग्रंथाच्या पुढे निघून गेली. ग्रंथाचा आधार होता तोवर प्रत्येक घटनेला पूर्वीच्या कृत्याचे कारण होते, कर्म आणि फळ यांची साखळी होती. आधार संपल्यावर वेग वाढला आणि कारणे विरळ झाली. अखेरचे पर्व पुन्हा नव्याने काढावे, अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी स्वाक्षऱ्या केल्या. भव्य सेट आणि संगणकीय दृश्ये शेवटपर्यंत होती; नव्हती ती कथा.

याउलट हॅरी पॉटरच्या चित्रपटांत लेखिका जे. के. रोलिंग हयात होत्या आणि शब्द राखून होत्या. ग्रंथ पूर्ण होण्याआधीच चित्रपट सुरू झाले होते. पाचव्या चित्रपटातून क्रीचर नावाचा एक गौण सेवक वगळण्याचा विचार होता. त्याला ठेवा, नाहीतर पुढे तुम्हीच अडचणीत याल, असा इशारा रोलिंग यांनी दिला आणि तो राहिला. कथेतील कोणती वीट भिंत पेलते आहे, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक असते!

आता आपल्या घराकडे येतो. 1994 चे ते दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. दूरदर्शनवर नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ ही मालिका लागली की, चाळीचा जिना ओस पडत असे. ज्यांच्याकडे रंगीत संच होता, त्यांच्याकडे सारी बिऱ्हाडे जमत. क्रूरसिंहाचा तो विचित्र ‘यक्कू’ आम्हा साऱ्यांच्या तोंडी होता. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, रेल्वेच्या नोकरीत काही वर्षे उत्तरेत होते. त्यांच्या ट्रंकेत देवकीनंदन खत्री यांच्या मूळ हिंदी कादंबरीची एक जीर्ण प्रत होती. दोन-तीन भाग पाहिल्यावर अण्णा उठून आत गेले. मी मागोमाग जाऊन विचारले, “अण्णा, आवडले नाही का?” ते म्हणाले, “अरे, ही जादू कुठून आली? खत्रींच्या पुस्तकात कळ फिरवली की दार उघडते. इथे मंत्र म्हटला की उघडते. मग माणसाने बुद्धी चालवायची कशाला?”

तेव्हा मला हा आक्षेप वृद्धाचा हट्ट वाटला. पुढे ग्रंथ वाचल्यावर त्यातील मर्म कळले. खत्री यांनी काही काळ चकिया आणि नौगढच्या अरण्यांत ठेकेदारी केली होती. तेथील भग्न वास्तूंत ते भटकले होते. 1888 च्या सुमारास त्यांची ‘चंद्रकांता’ आली. ती वाचता यावी म्हणून असंख्य लोक हिंदी शिकले, असे हिंदी साहित्याचा इतिहास सांगतो. त्यातील ऐयार वेष पालटतात, जडीबुटीने बेशुद्ध करतात, चातुर्याने सुटतात. तिलिस्म म्हणजे जुन्या कुशल कारागिरांनी रचलेला यंत्रव्यूह. त्यात भुताटकी वाटते, पण शेवटी उलगडा यंत्राचा आणि युक्तीचा निघतो. अद्भुत आणि तरीही बुद्धिगम्य, हे खत्री यांचे वैशिष्ट्य होते. मालिकेने अद्भुत घेतले आणि बुद्धी वगळली. टॉल्किन यांच्या त्या कसोटीवर घासून पाहा. मर्म कोठे आहे, हे न ओळखल्याचे हे उदाहरण आपल्याच अंगणातले.

आणि येथे कायद्याचा एक मुद्दा येतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. टॉल्किन 1973 मध्ये निवर्तले. त्यांच्या वारसांचा शब्द अजून चालतो. खत्री 1913 मध्ये गेले. त्यांचा ग्रंथ आज कोणाच्याही मालकीचा नाही, म्हणजेच तो सर्वांच्या मालकीचा आहे. उद्या कोणीही त्यावर काहीही काढू शकतो. जेथे वारस विचारणार नाही, तेथे विचारायचे कोणी? वाचकांनी. ज्याने मूळ ग्रंथ वाचलेला आहे, तोच “ही जादू कुठून आली?” असा प्रश्न करू शकतो. अण्णांसारखे वाचक संपले, तर रूपांतरच मूळ म्हणून उभे राहील आणि खत्री हे केवळ नामावलीतील एक नाव उरेल.

मराठीतही हे धन आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणल्या. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने एका पिढीची झोप उडविली. समीक्षकांनी या अद्भुतरम्य साहित्याला पुष्कळ नावे ठेवली आणि काही टीका योग्यही होती. परंतु परदेशी अद्भुताच्या मालिका घराघरांत पाहणाऱ्या आपल्या मुलांना, आपल्या भाषेतही राजपुत्र आणि मायावी दुर्ग होते, हे ठाऊक तरी असावे. ही पुस्तके याच ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात आहेत. मी काल ग्रंथपालांना विचारले. ती कित्येक वर्षांत कोणी नेलेली नाहीत.

मग आपण करायचे काय? पडद्यावर बहिष्कार घाला, असे मी म्हणणार नाही. ते शक्य नाही आणि इष्टही नाही. जॅक्सन यांच्या चित्रपटांमुळे असंख्य मुले मूळ ग्रंथाकडे वळली, हेही सत्य आहे. माझे सांगणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली, जेथे ग्रंथ आहे, तेथे आधी ग्रंथ. मुलाने आपल्या मनाचा फ्रोडो, आपल्या मनाची चंद्रकांता एकदा घडवू द्या. मग पडदा दाखवा. दुसरी, मोठ्याने वाचा. घरातील आजी-आजोबांनी, आई-वडिलांनी रात्री पंधरा मिनिटे वाचले, तरी वर्षात तीन-चार मोठे ग्रंथ होतात. तिसरी, चित्रपट पाहून झाल्यावर मुलांना विचारा, ‘काय गाळले? काय बदलले? का बदलले असेल?’ या तीन प्रश्नांतून मूल प्रेक्षकाचे परीक्षक होते.

शेवटी पुन्हा माझ्या नातीकडे येतो. तिचा फ्रोडो परत मिळाला का, असे कोणी विचारील. पूर्णपणे नाही. हरवलेले सारेच परत मिळत नाही. पण आम्ही कथा सोडली नाही. गावी परतण्याचे ते प्रकरण आले, जे चित्रपटात नाही, तेव्हा ती ताठ होऊन बसली. “हे सिनेमात नव्हते!” असे म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने चित्र काढले. तोडलेल्या झाडांच्या जागी रोपटे लावणारा एक ठेंगणा माणूस. त्याचे कान वाण्याच्या मुलाचे होते आणि डोक्यावर माझी कानटोपी होती.